डोक्यावरून फिरलेला हात

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, रेडिओचं एक बरं असतं. बोलणाऱ्याचं डोकं ऐकणाऱ्याला दिसत नाही. डोक्यात काय आहे ते बोलण्यातून कळतं, कधी कधी फारच लवकर कळतं. पण डोक्यावर काय आहे ते कळत नाही. आज जी गोष्ट सांगणार आहे, ती कविसंमेलनाच्या मंचावरून सांगायचा धीर मला झाला नसता.

गोष्ट माझ्या केसांची आहे. खरं म्हणजे नसलेल्या केसांची.

आम्ही सोलापूरचे. घरात दख्खनी, शाळेत मराठी आणि गल्लीत तेलुगू-कन्नड, अशा चार भाषांत माझं बालपण गेलं. अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कापलेली पानं. दिवसभर तिची बोटं चालू असायची. आठवड्याच्या सुट्टीला ती आम्हा तिघी बहिणींना ओळीनं पुढ्यात बसवायची आणि डोक्याला खोबरेल चोळायची. मी चुळबुळ केली की डोक्यात टपली मारून म्हणायची, "हिल नक्को!" तिच्या बोटांचा तंबाखूचा वास साबणानं जात नसे. खोबरेल आणि तंबाखू हे दोन वास एकत्र आले, की अजून मला मान खाली घालून बसावंसं वाटतं.

विंचरताना निघालेलं गुंतवळ अम्मा बोटाभोवती गुंडाळायची आणि भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. केसांवर फुगे देणारा फेरीवाला गल्लीत आला, की फटीतले ते गोळे बाहेर निघत. आमच्या घरात सगळ्यात जास्त फुगे माझ्या केसांचे यायचे. वेणी कमरेखाली होती. "इसके बालां में मेरा आधा तेल जाता," अशी अम्माची तक्रार असायची. पण ती चारचौघीत, मोठ्यानं करायची. म्हणजे ती तक्रार नव्हती, हे मला फार उशिरा समजलं.

अम्मा २०१९ मध्ये गेली. २०२१ च्या उन्हाळ्यात मला कोरोना झाला. दवाखान्यात राहून, बरी होऊन घरी आले. सगळे म्हणाले, सुटलीस. पण अडीच-तीन महिन्यांनी फणीत केस येऊ लागले. आधी बोटभर, मग मूठभर. डॉक्टरांना यात नवल नव्हतं. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यांतले बहुतेक वाढत असतात, थोडे विश्रांती घेत असतात. मोठा ताप आला, बाळंतपण झालं, शरीराला धक्का बसला, की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. बहुतेकांचे परत येतात. माझेही थोडे आले. बाकीच्यांनी माझी पन्नाशी पाहिली असावी आणि यायचा बेत रद्द केला असावा. भांग रुंद होत गेला. पायवाट होती, तिचा गाडीरस्ता झाला.

मग मी ओढणी घ्यायला लागले.

हे नीट सांगायला हवं. ओढणी आमच्या घरात नवी नाही. अजान झाली, मयताला गेलं, वडीलधारे समोर आले, की ती आपोआप डोक्यावर यायची आणि आपोआप खांद्यावर घसरायची. वाचनालयातल्या नोकरीत आणि कविसंमेलनांत मी तीस वर्षं उघड्या डोक्यानं वावरले. २०२१ च्या अखेरीस ती जी पिनांनी बसली, ती बसलीच. आणि काही दिवसांतच, २०२२ च्या सुरुवातीला, शेजारच्या कर्नाटकात कॉलेजातल्या मुलींच्या हिजाबवरून वाद पेटला. टीव्हीवर तोच विषय, पेपरात तोच विषय. अशा वेळी सोलापूरची एक मुसलमान कवयित्री अचानक डोकं झाकून मंचावर आली, तर लोक काय समजणार?

लोकांनी दोन गोष्टी समजल्या. जुने साहित्यिक मित्र हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्हीसुद्धा?" आणि लग्नाकार्यात भेटणाऱ्या चुलत-मावस बहिणी गळ्यात पडून म्हणाल्या, "माशाअल्ला, अल्लानं हिदायत दिली." एका कार्यक्रमात तर एका वक्त्यांनी माझ्या ओढणीवर पाच मिनिटं चिंतन केलं. मी शेजारच्याच खुर्चीवर होते. मला काही विचारावं असं त्यांना वाटलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

हे माझ्या मनाला लागलेलं होतं. मित्रांना वाटलं मी घाबरले, बहिणींना वाटलं मी सुधारले. आणि मी मात्र आरशाला घाबरून टाळू झाकत होते. माझ्या घरातल्या कितीतरी बायका मनापासून, श्रद्धेनं डोकं झाकतात. त्यांच्या त्या खऱ्या गोष्टीच्या आड मी माझी लाज लपवली होती. आयुष्यभर कवितेत खरं बोलण्याचा आव आणला आणि वीतभर भांगापाशी खोटी पडले.

आता कोरियाकडे वळते. माझी धाकटी लेक २०२१ च्या अखेरीस शिकायला सेऊलला गेली. तीन वर्षांत ती एकदाच आली, तीही लग्नघरात, माणसांच्या गर्दीत. फोनवर रोज दिसायची. पण फोनवर मी ओढणी घेऊनच बसायची. २०२४ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी तिच्याकडे पंधरा दिवस गेले. रस्त्यारस्त्यावर गिंको नावाची झाडं पिवळीधमक झाली होती. पहिल्या शुक्रवारी ती मला इतेवॉनच्या टेकडीवरच्या मशिदीत घेऊन गेली. १९७६ साली सुरू झालेली ही कोरियातली पहिली मोठी मशीद. खालच्या गल्लीत हलाल खानावळी, बिर्याणीचा वास, आणि दुकानांवर चार-पाच लिप्यांतल्या पाट्या.

नमाजाआधी वजू करतात हे बऱ्याच श्रोत्यांना ठाऊक असेल. हात, तोंड, कोपरापर्यंत बाह्या धुवायच्या आणि मग ओला हात डोक्यावरून फिरवायचा. त्याला मसह म्हणतात. त्यासाठी मी ओढणी मागे सारली. शेजारच्या नळावर माझी लेक होती. तिनं पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. नळ तसाच चालू ठेवून ती बघत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "अम्मी, तू सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "नळ बंद कर, पाणी वाया जातंय."

तीन दिवसांनी तिनं मला न विचारता एका ठिकाणी वेळ घेतली होती. सेऊलमध्ये डोक्याच्या कातडीची निगा राखणारी खास दुकानं असतात. केस कापण्याचं सलून वेगळं आणि हे वेगळं. इथे कात्री नसतेच. डोकं तपासायचं, धुवायचं, शेकायचं, चोळायचं, एवढंच काम. फी एक लाख वीस हजार वॉन. हा आकडा ऐकून मी पलंगावर बसले. आपले सात हजारांच्या वर होतात, असं तिनं सांगितलं, तेव्हा पुन्हा उठले. म्हटलं, "सात हजार रुपये देऊन डोकं धुवून घ्यायचं? तुझ्या नानीनं किती हजार विड्या वळल्या असत्या तेवढ्यासाठी?" ती म्हणाली, "नानीनं वळल्या, म्हणून मी इथे आहे. चल."

दुकान मापो नावाच्या भागात होतं. भुयारी रेल्वेतून उतरून चालताना मी कुरकुरत होते, म्हणून तिनं मला गोष्टी सांगायला सुरुवात केली. लहानपणी ती रुसली की मी हेच करायची. ती म्हणाली, "अम्मी, या देशात केसांवरून राज्यं हलली आहेत."

आणि खरंच हलली आहेत. जुन्या कोरियात लग्न झालेला पुरुष डोक्यावर शेंडीसारखा बुचडा बांधायचा. शरीर, कातडी, केस हे सगळं आईबापांनी दिलेलं, त्याला इजा करू नये, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण. १८९५ च्या अखेरीस जपानच्या दबावाखालच्या सरकारनं हुकूम काढला, की बुचडे कापा. राजा गोजोंगनं आधी स्वतःचा कापून घेतला. त्याआधी दोन-तीन महिन्यांपूर्वीच जपान्यांनी राणीचा खून केलेला. लोक आधीच जळत होते. केसांना कात्री लागली आणि गावोगावी बंड उठलं. पुढे १९७० च्या दशकात लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत पोलीस रस्त्यावर तरुणांना अडवून त्यांचे लांब केस कापत. राजा असो की हुकूमशहा, लोकांच्या डोक्यावर काय असावं याची चिंता राज्यकर्त्यांना फार.

"आणि बायकांचे केस?" मी विचारलं.

"ते विकले गेले," ती म्हणाली.

१९६० नंतरचा कोरिया गरीब होता. युद्धानं उद्ध्वस्त झालेला. परदेशाला विकायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. बायकांचे लांब केस होते. केस विकत घेणारे फेरीवाले गल्लोगल्ली ओरडत फिरत आणि आया मुलांच्या फीसाठी वेण्या कापून देत. त्या केसांचे टोप बनत आणि अमेरिकेला जात. १९६५ मध्ये अमेरिकेनं चिनी केसांच्या टोपांवर बंदी घातली, कम्युनिस्टांचे केस नकोत म्हणून! मग कोरियाचा धंदा आणखी वाढला. १९७० च्या सुमारास निर्यातीच्या मोठ्या मालांत टोपांची गणना होती. कारखान्यांत खेड्यांतून आलेल्या कोवळ्या मुली एकेक केस सुईनं जाळीत ओवत बसत.

अशाच एका कारखान्याचं, वायएच कंपनीचं, दिवाळं निघालं आणि मालकांनी टाळं लावायचं ठरवलं. १९७९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या दीडशेहून अधिक कामगार मुली याच मापो भागातल्या विरोधी पक्षाच्या कचेरीत जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे पोलीस घुसले. त्या धुमश्चक्रीत किम ग्यॉन्ग-सुक नावाची एकवीस वर्षांची मुलगी मरण पावली. देशभर संताप उसळला, पुढे बुसान आणि मासान या शहरांत लोक रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरच्या २६ तारखेला पार्क यांना त्यांच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखानं गोळ्या घातल्या. सगळं काही केसांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या साखळीतली एक कडी टोप ओवणाऱ्या मुलींची होती.

मी रस्त्यात थांबले. मला आमच्या भिंतीच्या फटीतले गुंतवळाचे गोळे आठवले. लहानपणी कधी वाटलं नव्हतं, की फुगेवाला ते केस घेऊन पुढे कुठे जात असेल.

दुकान चौथ्या मजल्यावर होतं. दारात बूट काढून सपाता घालायच्या. लेकीनं आधीच कळवलं होतं, की आई डोकं झाकते, बाईच हवी आणि स्वतंत्र खोली हवी. तिथे मुळातच एका खोलीत एकच गिऱ्हाईक घेतात. बसल्यावर जवाचं गरम पाणी दिलं, भाजलेल्या धान्याच्या वासाचं. समोर भिंतीवर एका जुन्या चित्राची छापील प्रत होती. दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला शिन युन-बोक नावाचा चित्रकार, त्याचं हे चित्र. दानो नावाचा सण आहे. लाल घागऱ्यातली एक बाई झोक्यावर पाय ठेवते आहे, काही बाया ओढ्यात अंग धूत आहेत, एक आपल्या लांबलचक केसांशी खेळत बसली आहे. आणि मागे खडकाच्या आडून दोन पोरसवदा भिक्षू चोरून बघताहेत. मला हसू आलं. बायकांनी केस मोकळे सोडले, की बघणारे कुठून तरी उगवतातच.

मग ती बाई आली. चाळिशीची असेल. पांढरा कोट, केस मागे घट्ट बांधलेले. तिला ना इंग्रजी येत होतं ना हिंदी. तिचं कोरियन फोन हिंदीत करून बोलून दाखवायचा. तिनं एक छोटी वाटी पुढे केली. मी एकेक करून पिना काढल्या आणि त्या वाटीत टाकल्या. चार पिना होत्या. प्रत्येकीचा आवाज झाला.

तिनं पेनासारखा एक कॅमेरा घेतला आणि त्याचं थंडगार टोक माझ्या टाळूवर टेकवलं. समोरच्या पडद्यावर माझं डोकं दिसू लागलं, कितीतरी पटींनी मोठं झालेलं. श्रोतेहो, हस्त कोरडा गेल्यावर आमच्या भागात ज्वारीचं रान कसं दिसतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय पाहिलं हे सांगावं लागणार नाही. कोरडी, भेगाळलेली जमीन. कुठे लालसर. मधूनच एखादं ताट उभं. निरोगी डोक्यात एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस जोडीनं येतात. माझ्याकडे बहुतेक ठिकाणी एकच होता, तोही बारीक. काही छिद्रं नुसतीच उघडी होती, माणसं सोडून गेलेल्या घरांसारखी.

ती फोनमध्ये काहीतरी बोलली. फोननं गंभीर आवाजात सांगितलं, "आपकी खोपड़ी बहुत थकी हुई है."

आधी मी हसले, मग लेक हसली. मग ती बाईही हसली, कशाला ते न कळता. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की गेल्या तीन वर्षांत माझ्या डोक्याबद्दल कुणी काढलेलं हे पहिलं खरं वाक्य आहे. मित्र नाही, बहिणी नाहीत, ते वक्तेही नाहीत. एका यंत्रानं चुकतमाकत केलेल्या भाषांतरात ते आलं होतं.

तिनं पुढे जे सांगितलं तेही मला आवडलं. ती म्हणाली, "नवे केस उगवणं माझ्या हातात नाही. मी डॉक्टर नाही. मायदेशी गेल्यावर रक्त तपासून घ्या आणि चामडीच्या डॉक्टरांना भेटा. मी फक्त स्वच्छ करीन आणि आराम देईन." सात हजार रुपये घेणारं माणूस इतकं कमी आश्वासन देतं, याचंच मला आश्चर्य वाटलं.

मग तिनं काम सुरू केलं. आधी रुंद दातांच्या फणीनं डोकं हळूहळू विंचरलं. मग कापसाच्या बोळ्यानं भांगाभांगातून एक द्रव लावला. त्यानं पुदिना खाल्ल्यावर जीभ गार होते तसं डोकं गार पडलं. त्यानं कातडीवर साठलेला तेलकट मळ सुटतो म्हणे. मग कोमट वाफ दिली. मग आरामखुर्ची मागे झुकवून, मानेखाली उशी देऊन डोकं धुतलं. घाई नाही. कानामागे, मानेच्या खळगीत, कपाळाच्या कडेला, जिथे आपलाही हात नीट पोचत नाही, तिथे तिची बोटं जात होती. नखं लागत नव्हती. बोटांच्या पेरांनी ती टाळू जागची किंचित हलवत होती, पिठाचा गोळा मळावा तशी. आपल्या डोक्याची कातडी इतकी आखडलेली असते, हे ती सैल झाल्यावर कळतं.

तिच्या उजव्या मनगटावर मला एक पट्टी दिसली, दुखण्यावर लावतात तसली. फोनला मध्ये घालून विचारलं, दिवसाला किती डोकी? सहा, कधी सात. आणि अंगठा? ती हसली. तिनं अंगठा वाकवून दाखवला. तो पुरता वाकत नव्हता. अम्माचाही शेवटी वाकत नसे. पानाचं टोक दाबून दाबून सांधा धरला होता.

मी डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात तो वास आला.

शेवटचं पाणी ती डोक्यावर ओतत होती. त्या पाण्याला वास होता. उग्र, किंचित गोड, थोडा मातकट. खोबरेलाचा नाही, तंबाखूचा नाही. पण त्याच घरातला. मला पटकन नाव आठवेना. कवितेत एखादा शब्द जिभेवर येऊन अडतो, तसं झालं. आणि एकदम डोळ्यांसमोर खोली आली. बाळंतिणीची खोली. अंधारी, उबदार. अम्मा पाय पसरून बसली आहे आणि तिच्या पायांवर माझी ही लेक, बारा दिवसांची. अम्मा तिची टाळू तेलानं भरते आहे आणि आंघोळीनंतर टाळूवर चिमूटभर पूड लावते आहे.

"वेखंड!" मी मोठ्यानं ओरडले.

लेकीनं बाटलीवरचं नाव वाचलं. छांगपो. फोनवर शोधलं. शास्त्रीय नाव अकोरस कॅलॅमस, म्हणजे आपलं वेखंडच. पाणथळ जागी, ओढ्याकाठी उगवतं. कोरियात पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी दानोचा सण येतो आणि त्या दिवशी छांगपो उकळलेल्या पाण्यानं केस धुवायची बायकांची जुनी रीत आहे. केसांना चकाकी येते आणि इडापिडा टळते, असा समज. बाहेरच्या चित्रातल्या बाया ओढ्यावर जमल्या आहेत, त्या याच सणाला. आमच्याकडे ते तान्ह्या बाळाच्या टाळूवर, त्यांच्याकडे सणाच्या न्हाण्यात. दोन्हीकडे लावणाऱ्या बायकाच. कुणी कुणाला शिकवलं नसेल. ओढ्याकाठी एक मुळी सापडली आणि ती डोक्याला लावावी असं दोन्हीकडच्या बायकांना वाटलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आडवी असल्यामुळे ते थेट कानात जात होतं. त्या बाईनं टॉवेलच्या टोकानं ते टिपलं. फोन पुढे केला नाही. काय झालं म्हणून विचारलं नाही. दोन्ही अंगठे, त्यातला एक न वाकणारा, माझ्या कानशिलांवर ठेवून ती थोडा वेळ नुसती थांबली.

आमच्याकडे शिकवण आहे, की यतीम मुलाच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवावा. यतीम म्हणजे लहान वयात बाप गेलेलं मूल. पन्नाशी उलटलेल्या बाईला यतीम म्हणत नाहीत. पण तिथे पडल्या पडल्या मी मोजलं. अम्मा गेल्यापासून पाच वर्षांत माझ्या डोक्याला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. डॉक्टरांनी लांबून पाहिलं होतं. बाकी सगळ्यांनी ओढणी पाहिली होती.

दीड तासानं तिनं पुन्हा कॅमेरा टेकवला. आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र शेजारी शेजारी लावलं. लाली उतरली होती, मळ गेला होता. केस मात्र होते तितकेच होते. एकही वाढला नव्हता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर उद्या कुणी कोरियाचं तिकीट काढाल आणि मला शिव्या द्याल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेही उगवले तर. दीड तासात सोलापूरच्या माळाचं कोकण होत नाही.

निघताना मी वाटीतल्या पिना घेतल्या आणि पर्समध्ये टाकल्या. खाली रस्त्यावर आले तर बोचरं वारं सुटलेलं. ओलसर डोकं गारठलं. मी ओढणी काढून डोक्यावरून, कानांवरून घेतली आणि मला हसू आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी ती डोक्याला थंडी वाजली म्हणून घेत होते.

घरी परतल्यावर मी रक्त तपासून घेतलं. लोह फारच कमी निघालं आणि थायरॉइडही थोडं बिघडलेलं. मी तीन वर्षं ओढणीखाली जे झाकलं, त्यातलं थोडं एका साध्या तपासणीत सापडलं असतं. गोळ्या चालू आहेत. भांग अजून गाडीरस्ताच आहे. पण कडेला थोडं गवत दिसतं, असं डॉक्टर म्हणतात. मला दिसत नाही.

त्यानंतर एका लग्नात एका मावस बहिणीनं पुन्हा तेच म्हटलं. माशाअल्ला, किती छान, आता कायमची ओढणी. खोलीत आम्ही सात-आठ बायका होतो, शेजारच्या काकूही होत्या. मी म्हटलं, "बाई गं, ही हिदायत नाही, हे टक्कल आहे." आणि ओढणी मागे केली. एकदम शांतता. मग त्या बहिणीनंच स्वतःची ओढणी मागे केली. कानामागे रुपयाएवढा चट्टा होता. मग दुसरीनं भांग दाखवला. मग काकूंनी पदर आणि गंगावण दोन्ही काढून दाखवलं. पुढची दहा मिनिटं त्या खोलीत जे हसणं चाललं, ते ऐकून बाहेरचे पुरुष विचारायला आले. आम्ही दार लावून घेतलं.

त्या मित्रांनाही सांगितलं. त्यांच्यापैकी एकानं फार वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "ताई, मी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "आणि मी सांगायला हवं होतं."

आता दर रविवारी दुपारी काकू माझ्याकडे येतात. कोमट खोबरेल, एक वाटी, दोन पाट. आधी मी त्यांच्या डोक्याला तेल लावते, मग त्या माझ्या. त्यांचा हात जरा जड आहे. मी हलले की टपली मारतात. सात हजार रुपये कुणी कुणाला देत नाही.

आणि आत्ता, या माइकसमोर बसून तुमच्याशी बोलताना माझ्या डोक्यावर ओढणी आहे की नाही, ते मी सांगणार नाही. विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा. नमस्कार.